महाराजांची एकशे सतराव्या प्रश्नावरची परीक्षा

एकशे सतरावा प्रश्न काही केल्या कॉम्प्युटरच्या घशाखाली उतरेना!

झालं होतं असं, की सोनशिरगावच्या मार्तंडराजे महाराजांनी राजवाड्यातल्या चाळीस नोकरांसाठी ऑनलाइन कोर्स काढला. शेजारच्या राजाने काढला म्हणून यांनीही काढला, दुसरं काही कारण नव्हतं. कोर्सच्या शेवटी परीक्षा, परीक्षेत दोनशे प्रश्न, आणि ते सगळे महाराजांनी लोडाला टेकून स्वतः सांगितलेले. दौलतराव कारकुनांनी ते एका फाइलमध्ये उतरवून घेतले. एका ओळीत एक प्रश्न, पुढे चार पर्याय आणि शेवटच्या रकान्यात बरोबर उत्तर. ही फाइल सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केली, की सगळे प्रश्न एका दमात आपापल्या जागी जाऊन बसायचे.

पण सॉफ्टवेअर मोठं मानी! एका ओळीत खोट निघाली तरी अख्खी फाइल परत. तीनदा फाइल परत आली आणि तिन्ही वेळा पडद्यावर तेच: 'प्रश्न ११७. बरोबर उत्तर दिलेले नाही.'

प्रश्न होता, 'महाराजांची सर्वांत आवडती भाजी कोणती?' पर्याय होते कारलं, दोडका, पडवळ आणि लाल भोपळा. उत्तराचा रकाना मात्र कोरा. तिथे महाराजांनी नुसतं सांगितलं होतं, की ते आम्ही त्या वेळी ठरवू.

हा एवढा प्रश्न गाळू या, असं दौलतराव हात जोडून म्हणाले आणि महाराजांचा पारा चढला. प्रश्न गाळायचा नाही, त्यातला शब्द बदलायचा नाही, परीक्षा तीन दिवसांनी दुपारी म्हणजे दुपारीच. तोवर प्रश्न आत गेले नाहीत, तर दौलतरावांनी बाडबिस्तरा गुंडाळावा. आणि आज्ञापत्र तर आधीच दरवाजावर लागलं होतं: 'या परीक्षेत ज्याचे एकही उत्तर चुकेल, त्याने पगडी तबकात ठेवून राजवाडा सोडावा. कोणाचीही गय होणार नाही.'

दौलतराव तडक मुदपाकखान्यात गेले. तिथे त्यांची बायको गोजराबाई भाजी निवडत होती. वीस वर्षं महाराजांच्या पानात वाढणारी बाई ती! सकाळी वाखाणलेली भाजी महाराज संध्याकाळी पानाबाहेर सारतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? प्रश्न ऐकून आधी ती खो खो हसली. मग आज्ञापत्र आठवलं आणि तिने हातातली भाजी खाली ठेवली. चाळीस घरच्या चुली एका भाजीवर अडकल्या होत्या. तिला स्वतःला पगडी नसली, तरी नोकरी होतीच की.

"अहो, रडताय काय?" ती नवऱ्याला म्हणाली. "ज्याची आवड, त्यालाच विचारू या."

महाराज भुकेले असताना गाठायचे, हे तिचं जुनं तंत्र. न्याहारीच्या आधीच ती नवऱ्याला घेऊन दिवाणखान्यात हजर झाली. प्रश्नाला आम्ही हात लावत नाही, पण उत्तर तेवढं महाराजांनी आपल्या तोंडून सांगावं, म्हणाली. मिशीला पीळ देत महाराज गरजले, "कारलं! आमच्याइतकं कारलं या मुलखात खातो कोण?"

दौलतरावांनी तिथल्या तिथे ते रकान्यात भरलं आणि फाइल पुन्हा इम्पोर्ट केली. या खेपेला पडद्यावर उमटलं, 'दोनशे प्रश्न जमा झाले.' दौलतराव खुर्चीतच सैलावले.

गोजराबाई मात्र पदर खोचून कामाला लागली. दुपारी भरली कारली झाली, महाराजांनी बोटं चाटली. रात्री कारल्याचं पंचामृत आलं, तेही गेलं. दुसऱ्या दिवशी काप, चटणी, रसभाजी. महाराजांनी नाक मुरडून दोडका मागितला, तेव्हा आवडती भाजी आता लेखी झाली आहे, असं तिने फार अदबीने कळवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काप दिसले आणि महाराज ताटावरून उठलेच.

दुपारी चाळीस नोकर कॉम्प्युटरसमोर जीव मुठीत धरून बसले. गोजराबाई पुढे झाली.

"महाराज, आमटी पानात पडण्याआधी रांधणारी ती चाखते. ही परीक्षा आपण रांधलीत. आधी आपण चाखा, मग आम्हाला वाढा."

महाराजांना ते भलतंच आवडलं. आपली हुशारी चारचौघांत दाखवायची संधी ते सोडतात होय! बसले. एकशे सोळा प्रश्न पटापट सोडवले. एकशे सतराव्याला कारलं हा शब्द दिसताच त्यांच्या अंगावर शहारा आला. त्यांनी रागाने दोडक्यावर बोट दाबलं आणि पुढे गेले.

शेवटी पडद्यावर आलं, 'बरोबर १९९. चूक १. अनुत्तीर्ण.'

"हे यंत्र खोटं बोलतं," महाराज ओरडले. "आमची आवड आम्हाला ठाऊक नाही?"

"यंत्राचा काय दोष, महाराज? ते परवाच्या महाराजांचं ऐकून बसलंय," गोजराबाई म्हणाली. मग तिने चांदीचं तबक त्यांच्यापुढे धरलं. "पगडी यात ठेवता ना?"

महाराजांनी तबकाकडे पाहिलं, मग दरवाजावरच्या स्वतःच्या आज्ञापत्राकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे हसत सुटले, की पगडी आपणहून तबकात पडायची बाकी होती! नोकरही हसू लागले. दौलतराव डोळे पुसत हसत होते.

आज्ञापत्र त्याच क्षणी फाटलं. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं मत विचारणारे प्रश्नही असतात, त्यात कोणाचंच उत्तर चुकत नाही. एकशे सतरावा प्रश्न दौलतरावांनी तिकडे नेऊन बसवला. महाराजांनी गोजराबाईला सोन्याच्या पाटल्या दिल्या, आणि भर दरबारात हुकूम काढला, की इथून पुढे वाड्यात कोणती भाजी शिजायची, हे एकट्या गोजराबाई ठरवतील.

"आता आज तेवढा दोडका करा," महाराज म्हणाले.

"ते मी ठरवणार, महाराज," गोजराबाई म्हणाली, आणि महाराज पुन्हा पोट धरून हसू लागले.