तळातून आलेली हाक

माळावरच्या एका गावात विहिरी खणणाऱ्यांची टोळी उतरली होती. टोळीचा रहाट दुर्गाप्पाच्या हाती असे. बाकी जगात ‘वर’ हा शब्द नुसती दिशा दाखवतो. या टोळीत तो हुकूम होता. तळातून ‘वर!’ अशी हाक आली की रहाट फिरवायचा आणि दोराच्या फळीवर बसलेल्या माणसाला ओढून घ्यायचं. का, कशाला, हे नंतर. काठावरच्याने हा शब्द तोंडातून काढायचाही नाही, तो तळातल्याचा.

त्या दिवशी तळात दुर्गाप्पाचा मेहुणा तिम्मा होता. गडी कामाचा, पण भारी भित्रा. सकाळपासून त्याने दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा दुर्गाप्पाने घाम गाळत त्याला बाहेर काढलं. एकदा बेडूक निघाला, एकदा त्याची स्वतःचीच सावली. जमलेले लोक पोट धरून हसले. दुर्गाप्पाला मेहुण्याची लाज वाटली, आणि रागही आला.

विहिरीचे मालक रायाजी पाटील मात्र हसले नाहीत.

“दुर्गाप्पा, अशानं पाणी लागायचं कधी? आता ओरडला तर आधी विचार, का म्हणून. धड कारण सांगितलं तरच ओढ. नाहीतर उद्या दुसरी टोळी आणतो.”

दुर्गाप्पाने तिम्माला पुन्हा खाली सोडलं. काम गेलं तर साऱ्या टोळीच्या चुली थंडावणार होत्या.

उन्हं चढली आणि पुन्हा हाक आली, “दाजी, वर!”

लोक खिदळले. पाटलांनी डोळे वटारले. ‘का रे?’ हे शब्द दुर्गाप्पाच्या अगदी ओठांवर आले. ते त्याने गिळले आणि मनातल्या मनात मेहुण्याला शिव्या हासडत रहाट फिरवला.

तिम्माने काठावर पाय ठेवला न ठेवला, तोच विहिरीची एक बाजू धडधडत कोसळली. तळ दिसेनासा झाला.

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. “काय दिसलं होतं रे तुला?”

तिम्माने अंगावरची माती झटकली. “काही नाही, पाटील. उगाच भीती वाटली.”

दुर्गाप्पाने रहाटावरचा हात काढला. हेच उत्तर त्याने आधी मागून घेतलं असतं, तर मेहुणा आत्ता त्या मातीखाली असता.

तात्पर्य: खड्ड्यातल्या माणसाची हाक आली की आधी त्याला ओढून घ्यावं, कारण काय ते विचारायला काठावर वेळ पुष्कळ असतो.