तिरकीची बुडी

त्या प्रदेशात पाणी सगळ्यांचं होतं. बुडीची विद्या मात्र मागावी लागे. ओढ्यावर सूर मारून चिंगळ्या टिपणं कुठल्याही खंड्याला उपजत येई. पण खोलात उतरायचं, प्रवाह ओळखायचे, अंधारात मासा हेरायचा आणि दम संपायच्या आत वर यायचं, हे कुणाकडून तरी शिकावंच लागे. शिकवणारी ठाणी दोन होती. एक प्रदेशातलंच मोठं तळं. दुसरं डोंगररांगेपलीकडे, परक्या मुलखात, समुद्रावरचा काळा कडा.

दोन्हीकडे मोबदला पिसांत घेत. तळ्यातला गाळ प्रदेशातली पाखरं पिढ्यान्‌पिढ्या दर उन्हाळ्यात चोचीनं उपसत आली होती, म्हणून त्यांच्या पिल्लांनी तिथं शेपटीतलं एक पीस दिलं की भागे. कड्यावर मात्र बाहेरून येणाऱ्याला अंगावरचा निम्मा साज उतरवून द्यावा लागे; स्वतःचा, नाहीतर आईबापांचा. पिसं पुन्हा येतात हे खरं, पण ती सावकाश येतात आणि तोवर पाणी अंगात मुरतं.

ओढ्याच्या दरडीत राहणाऱ्या एका खंड्याच्या लेकीचं नाव तिरकी होतं. ती कधीच सरळ सूर मारत नसे. वाऱ्यावर थोडी कलून, तिरपी घुसे आणि हमखास मासा घेऊन वर येई. आपली लेक ओढ्यात मावणार नाही हे बापानं केव्हाच ओळखलं होतं.

एका सकाळी तिला दोन्हीकडून बोलावणं आलं. तळ्याकडून एक बदक आलं आणि बिळाच्या तोंडाशी हिरवं लव्हाळं ठेवून, पुढच्या घरी जायचं म्हणून घाईनं निघून गेलं. थोड्या वेळानं आभाळातून पांढरा सुरय उतरला. समुद्रावरचा पक्षी ओढ्याकाठी कुणी पाहिलाच नव्हता. त्यानं एक शंख खाली ठेवला आणि मान लववून म्हणाला, "कड्यानं तुम्हाला निवडलं आहे."

तिरकीला पंख मिटून बसणं अशक्य झालं. ती ओढ्यावरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेजारपाजार जमला. पाणकोंबडीनं शंखाला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. म्हातारा वंचक बगळा, जो एका पायावर उभा राहून कुणाचंच कधी कौतुक करत नसे, तोसुद्धा म्हणाला, "आपल्या ओढ्याचं नाव काढलंस, पोरी." लव्हाळ्यावर दोघातिघांचे पाय पडले. पिकतं तिथं विकत नाही.

"आधी बघून तर येऊ," आई म्हणाली. आईची हीच रीत होती.

दोघी कड्यावर पोचल्या तेव्हा भरती होती. तिरकीनं एवढं पाणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. लाट फुटली की तुषार तिच्या चोचीपर्यंत येत आणि त्यांना चव होती. कड्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर नाना मुलखांची पाखरं बसली होती. कुणी भरतीचं गणित मांडत होतं, कुणी लाटेच्या उतारावर वाद घालत होतं. असले वाद तिनं आजवर फक्त स्वतःशीच घातले होते. आपण इथल्याच आहोत असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यानं तिचा ऊर धडधडू लागला.

एका पायरीवर तिच्याच जातीची एक मुलगी होती. तिचं नाव खारी. दूरच्या खाडीवरून गेल्या हंगामात आलेली. दोघींचं घटकाभरात जमलं. खारीला खालच्या प्रत्येक प्रवाहाचं नाव ठाऊक होतं.

"तो बघ, हिरवट पट्टा," ती म्हणाली. "त्याच्या कडेनं उतरलं की पाणीच आपल्याला खाली नेतं. पंख मारावा लागत नाही."

"चल की मग," तिरकी म्हणाली. "आत्ताच उतरू."

खारीनं पाण्याकडे पाहिलं. "तू जा. मला अजून जमायचं नाही."

मग तिनं पंख जरासा उचलला. पंखाखाली, छातीवर, पोटावर उघडी गुलाबी कातडी होती. मधे मधे नव्या पिसांचे काटे फुटलेले.

"आईचा साज घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं," खारी म्हणाली. "माझाच दिला. वाईट वाटून घेऊ नकोस, इथं मला फार आवडतं. शिकायचं ते सगळं शिकतेय. पिसं आली की उतरणारच आहे."

"कधी येतील?"

"दर हंगामाला पुन्हा थोडी द्यावी लागतात ना," खारी हसून म्हणाली. "सगळं शिकून झालं की येतील."

तिरकी एकटीच हिरव्या पट्ट्याच्या कडेनं घुसली. खारी म्हणाली होती तसंच झालं. पाण्यानं तिला हाताला धरून न्यावं तसं खाली नेलं. वर आली तेव्हा ती आनंदानं थरथरत होती, आणि कड्यावर खारी मान पुढे काढून विचारत होती, "कसं होतं? सांग ना, कसं होतं?"

परतीच्या वाटेवर तिरकीच बोलत राहिली. आधी लाटांबद्दल, मग खारीच्या उघड्या कातडीबद्दल.

घरी बाप दरडीवर उन्हाला बसला होता. भरदुपारी तो अंग फुगवून बसला होता, आणि फुगवायला अंगावर निम्मीच पिसं उरली होती. बिळात कोपऱ्यात निळ्या पिसांचा ढीग रचलेला होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"तू हो म्हणणार हे मला ठाऊक होतं," बाप म्हणाला. "शंख आला त्या दिवशी तुझं उडणं पाहिलं मी. म्हटलं, थंडीच्या आत निम्मा साज काढून ठेवावा."

"आणि मासे?"

"काठाकाठानं मिळतात की."

मिळत नव्हते, हे त्याच्या पोटाकडे पाहून कळत होतं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," तिरकी म्हणाली.

"माझ्यासाठी नाही म्हणू नकोस," बाप म्हणाला. "जन्मभर ते माझ्या डोक्यावर राहील. तुझ्यासाठी काय ते म्हण."

तिरकी उठली आणि मोठ्या तळ्यावर गेली. जन्मापासून ती त्याच्यावरून जात-येत होती, पण ते पाहायला म्हणून कधी गेली नव्हती. काठ गजबजलेला होता. बदकं, पाणडुब्या, बगळ्यांची पोरं, नुसता कलकलाट. कुणी कुणाला जागा देत नव्हतं. मधल्या वठलेल्या झाडावर शिकवणारा पाणकावळा पंख पसरून वाळत होता. तिरकीकडे पाहायलाही त्याला सवड नव्हती.

"इथं शिकून समुद्रात उतरता येतं का?" तिनं विचारलं.

पाणकावळ्यानं जरा विचार केला. "काही उतरले. पुष्कळांना उतरायचंच नव्हतं. काहींना होतं, पण ते या गर्दीत विसरून गेले. इथं तुला कुणी हाताला धरणार नाही, पोरी. पण अडवणारही नाही. दिवसाला हव्या तितक्या बुड्या मार."

"हव्या तितक्या?"

"पिसं अंगावर असतील तितक्या."

तिरकीनं मान वळवून आपल्या अंगाकडे पाहिलं. साज पुरा होता. एक पीस इकडचं तिकडे नव्हतं. आणि एकाएकी शंख आला त्या सकाळसारखा तिचा ऊर धडधडू लागला.

सुरय उत्तर न्यायला आला तेव्हा तिनं शंख परत त्याच्यापुढे ठेवला. ठेवण्याआधी एकदा कानाशी धरला. आतली गाज मन भरेपर्यंत ऐकली. "खारीला सांगा," ती म्हणाली, "त्या पट्ट्याच्या तळाशी मोठे मासे आहेत. ते सांगायचं राहिलं." सुरयानं मान लववली आणि तो गेला.

बापाची उपटलेली पिसं काही परत चिकटणार नव्हती. आईनं ती बिळात पसरली. त्या हिवाळ्यात बापाला बाहेर पडू न देता तिघांचे मासे मायलेकींनी आणले, आणि तो त्या उबेत कुरकुरत बसून राहिला.

हंगाम सुरू झाला. तिरकीनं शेपटीतलं एक पीस दिलं, गर्दीतून वाट काढली आणि तळ्यावर झुकलेल्या एका फांदीच्या टोकाशी जागा मिळवली. शेजारचं बदक म्हणालं, "एवढी काय आतुर झालीस? आपलंच तळं आहे. यात बघायचं काय राहिलंय?"

तिरकी वाऱ्यावर थोडी कलली आणि घुसली. पाणी तिच्या पिसांवरून घसरून गेलं. निळ्या साजाभोवती हवेचं रुपेरी कवच धरलं आणि आतलं अंग कोरडंच राहिलं. कमळांचे देठ मागे पडले, बदकांचे पाय वर राहिले, उजेड हिरवा झाला, मग काळपट. इथं तळ लागायला हवा होता. तिनं पंख आवळले आणि आणखी खाली गेली. गार प्रवाहाची एक अनोळखी लाट तिच्या पोटाखालून सरकली, दूर कुठं तरी वळणारी. दम अजून बराच होता, आणि तळ कुठंच दिसत नव्हता.