न चाखलेली विहीर

"पाणी गोड आहे, असं कोण म्हणालं?"

खमीसो फकिरानं हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि मोरोबा विजयकराचा तोल सुटला.

"नकाशात आहे! सोनहरची विहीर, गोडं पाणी. निळा ठिपका दिलाय तिथं. किती वेळा सांगू?"

"नकाशात आहे ते झालं, बाबू. चाखलं कुणी?"

बाबू म्हणे! सरकारी रेल्वेच्या पाहणीवरचा ओव्हरसियर, पुण्याला इंजिनियरिंग शिकलेला. तळावरची साठ माणसं त्याला रावसाहेब म्हणत. आणि हा फाटक्या गोधडीतला म्हातारा त्याला बाबू म्हणतो, तोही अरेतुरेत. दोघांची हिंदुस्थानी मोडकीतोडकीच, पण अरेतुरे काय, कुठल्याही भाषेत कळतं. एरवी मोरोबानं त्याला चार शब्द सुनावले असते. आज अडला हरी होता, आणि त्यापुढची म्हण मी पुरी करत नाही, कारण म्हातारा गाढव मुळीच नव्हता.

खमीसो पगी होता. थरच्या वाळवंटात पगी म्हणजे पावलं वाचणारा. चोरलेला उंट असो, रुसून गेलेली सून असो, माणूस कुठं गेला, कुठं बसला, किती दमला होता, हे तो वाळूवरून सांगे. म्हातारपणी ते सगळं सोडून एका पिराच्या कबरीपाशी फकीर होऊन बसला होता. आज पहाटे मोरोबा त्याच्यापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझी सात माणसं हरवलीत." म्हाताऱ्यानं काठी उचलली, पाण्याची मशक सांडणीवर टाकली, आणि निघाला.

सात खलाशी, पाहणीच्या साखळ्या नि खुंट्या वाहणारे. रेवदंड्याकडची कोळ्यांची पोरं, आणि सातवा त्यांचा म्होरक्या धाकू तांडेल. सोमवारी ते रेल्वेच्या वाटेवर खुंट्या ठोकत सोनहरला निघाले. बुधवारी त्यांचा निरोप यायचा होता. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा उंट एकटाच तळावर आला. पाठीवरच्या दोन्ही पखाली कोरड्या होत्या.

आज शुक्रवार.

आता दोघं एका चिखलवट पटांगणात उभे होते. भादव्यात इथं कधी नव्हे तो पाऊस पडून गेला होता, आणि नंतरच्या उन्हानं तो चिखल भाजून कडक झाला होता. सहा महिन्यांपूर्वीची पावलं त्यात जशीच्या तशी होती.

खमीसो उकिडवा बसला. काठीचं टोक त्यानं एका ठशाजवळ धरलं.

"हा बुटाचा पाय. टाचेला नाल आहे."

मोरोबानं पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही तीन भोकं," खमीसो म्हणाला. "तुमच्या दुर्बिणीच्या तिपाईची. हा माणूस इथं बराच वेळ उभा होता. या पायावरून त्या पायावर करत होता. तिकडून एक उंटवाला गेला, तो काही थांबला नाही. यानं त्याला ओरडून काहीतरी विचारलं. बघ, इथं चवड्यावर जोर आलाय."

...

"मग हा माघारी फिरला. विहीर इथून अर्धा कोस, बाबू. हा का फिरला?"

मोरोबानं नकळत पाय मागे घेतला. पायात तेच बूट होते. पाय कुठं लपवणार?

"ऊन होतं," तो म्हणाला.

खमीसोनं मान हलवली. त्या हलवण्यात राग नव्हता, आणि तेच मोरोबाला सोसवेना.

"त्या उंटवाल्याला मी विचारलं होतं, बाबा. तो म्हणाला, गोड आहे. खोटं बोलला हरामखोर!"

"खरंच बोलला तो. त्याच्या उंटाला गोडच लागतं."

मोरोबा त्या ठशाशेजारीच खाली बसला.

खरं सांगायचं तर नुसतं ऊन नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. उंटांची जुनी वाट विहिरीविहिरीनं वळणं घेत जाई, सत्तावन्न मैल. मोरोबानं कागदावर पट्टी ठेवून सरळ तांबडी रेघ ओढली, चाळीस मैल. सतरा मैलांचे रूळ वाचले! बडा साहेब खूश झाला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "विजयकर, ही तुमची लाईन." पण इंजिनाला दर पंधरा-वीस मैलांवर पाणी लागतं, आणि तेही गोडं, खाऱ्या पाण्यानं बॉयलर सडतो. वाटेत गोडं पाणी नसेल तर ती सुंदर रेघ रद्द. म्हणून सोनहरचं पाणी गोड असायलाच हवं होतं. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की तो दुसऱ्याच्या ओंजळीनंही खुशाल पाणी पितो. मोरोबा प्याला.

आणि निघताना धाकू काय म्हणाला होता?

"रावसाहेब, पाणी हाय ना नक्की? नायतर चार पखाली घेतो."

दुसरा उंट साहेबाच्या तंबूंसाठी हवा होता. मोरोबानं कागदावरून मान वरसुद्धा केली नव्हती.

"लिहिलंय ना धाकू? मग?"

"तुमी लिवलंय म्हंजे झालं," धाकू हसून म्हणाला होता, आणि दोनच पखाली लादून निघाला होता.

सहा वर्षं तो मोरोबाबरोबर होता. घाटातल्या लाईनवर मोरोबाला हिवतापानं गाठलं, तेव्हा यानंच त्याला तीन कोस पाठीवर आणलं होतं. मोरोबाला ते सगळं आत्ता, त्या भाजलेल्या चिखलात बसून आठवलं.

"चल," खमीसो म्हणाला. "वारा सुटेल."

सोनहरच्या विहिरीवर कुणी नव्हतं. काठावर चामड्याचा पोहरा पडला होता, दोर वाळून कडक झाला होता. आसपासच्या वाळूत ओकाऱ्या सुकल्या होत्या. एक मुंडासं पडलं होतं. मोरोबानं ते उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

खमीसोनं पोहरा सोडला, वर ओढला आणि त्याच्यापुढं धरला.

"घे."

मोरोबानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. कडू जहर. घशाशीच अडलं. त्यानं बळेच गिळलं आणि दुसरी ओंजळ भरली. खमीसोनं त्याचा हात धरला.

"एक पुरे. तुला कळण्यासाठी होती ती. आजारी पडलास तर मला दोन कामं होतील."

मग म्हातारा विहिरीभोवती फिरू लागला. वाकून, हळूहळू, सूर्य समोर ठेवून. पावलं वाचताना तो स्वतःशी पुटपुटत होता. मोरोबा पोहऱ्याशेजारी उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडावर काही दिसेल म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"मंगळवारी तिन्हीसांजेला आले," खमीसो म्हणाला. "प्याले. बुधवारी सगळे इथंच पडून होते. उंट त्याच रात्री सुटला. कुणात त्याला धरायची ताकद नव्हती."

"आणि मग?"

"काल सकाळी उठले. सातही उठले."

"सातही!" मोरोबा ओरडला. "म्हणजे जिवंत आहेत, बाबा!"

"काल सकाळी होते."

...

"कुणीकडं गेले? तळाकडं गेले असतील ना? सोळा मैलांची तर वाट आहे. मग आपल्याला वाटेत दिसले कसे नाहीत?"

खमीसोनं काठी उलट दिशेला केली. उगवतीकडे, जिथं नुसत्या वाळूच्या टेकड्या होत्या. त्या टेकड्यांकडे पावलांची एक रांग गेली होती. मोरोबालासुद्धा ती वाचता आली. एकाचा पाय ओढत गेला होता. एकाला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

"तिकडं काय आहे तुझ्या कागदावर?" खमीसोनं विचारलं.

मोरोबाला उत्तर पाठ होतं. तरी त्यानं कागद काढला, कारण ते उत्तर खोटं निघावं असं त्याला फार वाटत होतं. तांबडी रेघ, आणि सात मैलांवर दुसरा निळा ठिपका. धाकूजवळ याचीच नक्कल होती. धाकूला वाचता येत नसे, पण निळा ठिपका म्हणजे पाणी, एवढं मोरोबानंच त्याला शिकवलं होतं. माघारी सोळा मैल, पुढं सात. शहाण्या माणसानं जे केलं असतं, तेच धाकूनं केलं होतं.

"तिथं गेला होतास?"

"...नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. एका जुन्या नकाशावरून उतरवून घेतला. सोनहरच्या पुढंही पाणी दाखवायला हवं होतं."

खमीसोनं काठी खाली घेतली.

"काय आहे तिथं?" मोरोबानं विचारलं. "बाबा, सांगा ना. काय आहे?"

"विहीर होती. माझा आजा लहान असताना."

वारा सुटला होता. आधी नुसतं कानाशी कुजबुजल्यासारखं झालं, मग वाळू जमिनीलगत सरकू लागली. लांबच्या टेकडीवरची पावलांची रांग अंधुक झाली. जवळची, विहिरीपासून निघालेली, तेवढी अजून स्पष्ट होती.

मोरोबा त्या पावलांमागे दहावीस पावलं धावत गेला आणि थांबला. एकदा फसले, ओकून ओकून आतडी पिळवटली, तरी सकाळी उठून धाकूनं पुन्हा त्याचाच कागद उघडला! एवढा विश्वास? कशाच्या जोरावर? त्यापेक्षा त्यानं शिव्या घातल्या असत्या, कागद फाडून टाकला असता, तर आज सातही माणसं माघारी वाटेवर कुठंतरी सापडली असती.

खमीसो सांडण्या घेऊन मागून आला. त्याला पाहताच मोरोबाचा बांध फुटला. त्यानं टोपी फेकली आणि म्हाताऱ्याच्या पायांशी लोटांगण घातलं. साष्टांग, दोन्ही हात पसरून. तोंड वाळूत, मुठीत वाळू.

"बाबा, मी मारलं त्यांना! मी! माझ्या त्या मेल्या रेघेसाठी मारलं. धाकूच्या बायकोला काय सांगू? मला शिक्षा सांगा. नोकरी सोडतो, अंगावरचे हे कपडे सोडतो, जन्मभर तुमच्या पिराच्या कबरीपाशी झाडलोट करीन. तुम्ही माझे गुरू. तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त घेतो. आत्ता सांगा. इथंच सांगा. सांगितल्याशिवाय उठायचा नाही मी!"

तो हमसून हमसून रडत होता, वाळूवर कपाळ घाशीत होता.

खमीसोनं समोरच्या टेकडीकडे पाहिलं. तिथं आता काही दिसत नव्हतं. मग त्यानं खाली पाहिलं.

...

"ऊठ, बाबू. त्यांच्या पावलांवर पडलायस."