हावरीची खानावळ

आमच्या सासरच्या गावात, तांबट आळीच्या तोंडाशी, एक खानावळ आहे. पाटीवर ‘श्री अन्नपूर्णा भोजनगृह’ असं लिहिलंय, पण ते कोणी वाचत नाही. सगळे तिला हावरीची खानावळ म्हणतात. तिथली रीत अशी, की दुपारी बारा वाजता, गिऱ्हाइकं आवंढे गिळत बसलेली असताना, मालक मधल्या टेबलाशी स्वतःचं भरलेलं ताट घेऊन बसतो, उदबत्ती लावतो आणि सगळ्यांच्या देखत जेवायला लागतो. ती उदबत्ती पुरती जळून जाईपर्यंत कोणाला शीतभरही वाढत नाहीत.

एवढं ताटकळावं असं तिथे काही नाही. टेबलांचा सनमायका कोपऱ्यांतून सोललेला, पंख्याच्या पात्यांवर काळी लव, भिंतीवर तीन वर्षांची तीन कॅलेंडरं आणि त्यातलं एकही चालू वर्षाचं नाही. फळ्यावर पाच पदार्थ लिहिलेत. चार खोडलेत, पाचवा ‘थाळी’. मी मुलीसाठी पर्समध्ये उकळलेलं पाणी, तीन चमचे आणि हात पुसायचे ओले रुमाल असा छोटा दवाखानाच घेऊन फिरते. अशा बाईनं त्या दारात पाऊल टाकणं म्हणजे हार पत्करणंच. पण देवीच्या दर्शनाला दुपार झाली होती, साडेतीन वर्षांची ओवी सकाळपासून दोन बिस्किटांवर होती, आणि नवऱ्याचे मामा म्हणाले, “इथंच जेवायचं.” बळवंतमामांनी जन्मभर त्याच आळीत भांडी ठोकली. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

मालक आप्पासोंनी आमच्या डोळ्यांसमोर आमटीचा भुरका मारला. ओवी टक लावून बघत होती.

“काय हे मामा! यजमान पंगतीला शेवटी बसतो ना?”

“बरोबर बोललीस सूनबाई,” मामा म्हणाले. “आवडाक्का पण शेवटीच बसायची. तिथंच घात झाला.”

मग उदबत्तीकडे नजर ठेवून त्यांनी सांगितलं ते असं.

आवडाक्का म्हणजे आप्पासोंच्या आज्याची आई. तरुणपणीच नवरा गेला, आणि तिनं बाजारातल्या हमालांसाठी ही खानावळ काढली. बाई सोवळ्याची. स्वयंपाकाची चव बघायची नाही, कारण उष्टं होतं. सगळे जेवून गेल्यावर तिसऱ्या प्रहरी उरलंसुरलं खायचं. गावात तिच्या या पुण्याईचं फार कौतुक होतं म्हणे.

एका जत्रेला गर्दी लोटली. पितळी पातेल्यांना कल्हई करायची राहून गेली होती. अक्कानं त्यातच चिंचेची आमटी केली आणि ती कळकली. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की तो विषच होतो, हे तांबट आळीच्या तोंडावर बसलेल्या बाईला कळू नये! अर्ध्या तासात माणसं ओकायला लागली. सतरा जण पडले. सोळा उठले. सतरावी एका कासारणीची सहा वर्षांची पोर होती. ती उठली नाही.

इथे मी ओवीला मांडीवर घेतलं. आख्यायिका ऐकायला मी नालायक आहे; मला त्यातली मुलंच तेवढी दिसतात.

ती कासारीण रडली नाही, ओरडली नाही, असं सांगतात. दारात उभी राहून तिनं एवढंच विचारलं, “अक्का, तुम्ही जेवला का?”

अक्का जेवली नव्हती. तिचं ताट अजून पालथं होतं.

तेराव्या दिवशी अक्कानं नदीत उभं राहून ओंजळभर पाणी सोडलं, की इथून पुढं माझं ताट पहिलं. मी जेवेन, उदबत्तीभर थांबेन, आणि मला काही झालं नाही तरच दुसऱ्याला वाढेन.

विधवा बाई, बाप्यांच्या देखत, बाप्यांच्या आधी जेवते! गावाला दुसरा धंदाच उरला नाही. ज्यांनी पुण्यवान म्हटलं होतं, त्यांनीच हावरी म्हटलं. हमाल समोर बसून ओरडायचे, “अक्का, भाकरीचा पापुद्रा तरी ठेव आमाला!” बायका पाणवठ्यावर तिची घागर आली की आपली बाजूला सरकवायच्या. भाऊ येऊन म्हणाला, “तुझ्याऐवजी मी बसतो. घराण्याची लाज जाती.” ती म्हणाली, “ज्याच्या हातचं, त्याच्याच पोटात आधी.”

“मग पुन्हा कधी विषबाधा झाली?” मी विचारलं. अशा गोष्टींत शेवटी होतेच, आणि मग गाव पाया पडतं.

“नाही ना,” मामा म्हणाले. “एकोणतीस वर्षं कुणाचं पोट दुखलं नाही. म्हणून तर हसत राहिले. काही झालंच नाही, तर पटणार कसं?”

शेवटच्या दिवशी अक्काला ताप होता. घास गिळवेना, तरी बसली. सगळ्यात जास्त टवाळी करणारा हमाल उठून म्हणाला, “ऱ्हाऊ दे अक्का, आमी जेवतो तसंच.” ती म्हणाली, “उदबत्ती विझली का?” मग भिंतीला डोकं टेकलं, ते टेकलंच. पण उदबत्ती जळत होती, म्हणून कोणी हललं नाही. ती दिवेलागणीपर्यंत संपली नाही, असं सांगतात. ओली असेल, असं मला वाटतं. पण चाळीस भुकेली माणसं गप्प बसून राहिली, हे मात्र खरं असावं. एवढं गावाला तेव्हा तरी जमलं.

आप्पासोंची उदबत्ती विझली. ताटं आली. आमटी पाणचट, भाजी गळून गेलेली, भात चिकट. मी ओवीच्या वाटीतला एक चमचा आमटीभात तोंडात घातला आणि सवयीनं थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. ओवीनं वाट पाहिली आणि मग अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल असं ओरडली, “आई हावरी!”

सगळे हसले. मामा तर ठसकेपर्यंत. आप्पासो तेवढे हसले नाहीत. शेजारी येऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “ताई, अजून एक उदबत्ती लावू का?”

आजही त्या खानावळीत बारा वाजता मालक आधी जेवतो, आणि आजही ताटकळलेली माणसं त्याला हसतात. आमटीला आजही चव नसते. आणि मी ताटातला पहिला घास उचलला, की ओवी आजही चारचौघांत मला तेच नाव ठेवते.

ठेवू दे.