मोटारीतली गोधडी

फार मागची गोष्ट. दिगूनानांच्या जुन्या मोटारीत लाल चामड्याची सीट होती आणि तिच्यावर सदा गोधडी अंथरलेली असे.

एका दसऱ्याला पूजेसाठी नानांनी गोधडी काढून डिकीत ठेवली. जो तो सीटचं कौतुक करू लागला. सीट हरखली आणि म्हणाली, "आता येऊ नकोस बाई. तुझ्या जाड्याभरड्या अंगाखाली मला कोण बघतं?"

"अगं, काचेतून ऊन येतं."

"एवढ्या वर्षांत मला कधी लागलं का?"

गोधडी रुसली आणि स्टेपनीमागे दडून बसली. नानांनी शोधली, पण सापडली नाही.

मोटार अंगणात उन्हात उभी असे. संक्रांतीपर्यंत सीट फिकी पडली, चैत्रात तिला भेगा पडल्या. अक्षय्यतृतीयेला स्टेपनी काढताना नानांना गोधडी सापडली. ती झटकून त्यांनी अंथरायला घेतली. सीटला तिची खालची हिरवीगार बाजूच ठाऊक होती. वरची बाजू उन्हाने पांढरीफटक झालेली तिने आज पहिल्यांदा पाहिली.

"हे माझ्यासाठी झालं ना गं?" सीटने हळूच विचारलं.

"असू दे. मीही रुसायला नको होतं. आता उरलाय तेवढा रंग जपू," गोधडी म्हणाली आणि भेगांवर अलगद पसरली.