पानमळ्यातली पाहुणी

एका गावाबाहेर एक पानमळा होता. तिथे चप्पल काढूनच जायचं, अशी रीत. सासू लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा नव्या सुनेला म्हणाली, "मळा देवघरासारखा जप गं."

सुनेनं ते अगदी मनावर घेतलं. नव्या सुनेचा उत्साह, तो काय विचारता!

भादवा लागला आणि वेलींच्या रांगांमधून मोठाली जाळी दिसू लागली. प्रत्येकात पिवळ्या पट्ट्यांचा एक कोळी. सुनेला वाटलं, देवघरात कुठे जळमटं ठेवतात का? तिनं लांब काठीला झाडू बांधला आणि रांगेमागून रांग साफ केली.

अगदी कडेच्या रांगेत मात्र तिचा हात थांबला. तिथल्या जाळ्यालगत, पानाआड, अंड्यांची इवलीशी पिशवी लोंबत होती. कोळ्याची मादी जागची हलली नाही. सुनेलाही दिवस गेले होते. ती हळूच म्हणाली, "तूही माझ्यासारखीच का गं? राहा बाई." तिनं झाडू खाली ठेवला.

थोड्याच दिवसांत मळ्यात नाकतोडे माजले. पानापानाला भोकं पडली. नवरात्र तोंडावर आलं. देवीचा पहिला विडा याच मळ्यातल्या पानांचा असे, आणि फाटकं पान देवीला चालत नाही. सून रडकुंडीला आली.

सासू परतली. सुनेनं तिचे पाय धरले. "आत्याबाई, माझ्या हातून मळा गेला. मी तर सगळी जळमटं काढली होती."

पोरीचे सुजलेले डोळे पाहून सासू तिच्याजवळ बसली. "अगं, ती जळमटं नव्हती. हे कोळी पावसाळा सरता सरता येतात, नाकतोडे खातात, थंडी पडली की जातात. आपली राखण करणारी पाहुणी माणसं ती. तुला सांगायचं माझंच राहिलं. ऊठ, एखादं जाळं उरलंय का बघू."

दोघी कडेच्या रांगेत गेल्या. त्या जाळ्याभोवती देवीच्या विड्यापुरती पानं धड होती. सुनेनं ती खुडली आणि तिथेच मनसोक्त रडली. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थंडी पडली आणि ती मादी दिसेनाशी झाली. पिशवी मात्र सुनेनं जपली. उन्हं तापली तशी त्यातून बारीक पिल्लं निघाली आणि वेलींवर पांगली.

पुढच्या भादव्यात सून कडेवर बाळ घेऊन मळ्यात आली. पानं खुडायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं वाटेतलं जाळं तोडायला काठी उगारली.

"मामा, राहू द्या," सून म्हणाली आणि बाळाचं डोकं हातानं झाकून जाळ्याखालून वाकून गेली. म्हाताराही काठी टाकून तिच्या मागोमाग वाकला.

तात्पर्य: एखादी जागा जपायची, तर तिथे आधीपासून कोण राहतं ते विचारावं, झाडू नंतर हाती घ्यावा.