जिथं खूण, तिथं सही

“मग सत्ता म्हणजे आणखी काय असतं, नानी?”

अंगणात पाऊल टाकायच्या आधीच तिनं हे विचारलं. तणतणतच आली होती.

ज्युलियाना सिद्दी. आमच्याच वाडीची पोर, आणि दोन वर्षं जिल्हा पंचायतीची अध्यक्ष. पिढ्यांमागं आफ्रिकेतून आलेल्या आम्हा काळ्या, कुरळ्या केसांच्या सिद्दी लोकांत एवढ्या वर गेलेली ही पहिलीच बाई. परवा तालुक्याला तिचा सत्कार झाला. अख्खी वाडी ट्रॅक्टरमधून गेली, हुसेनबी नानी तेवढी गेली नाही. “पोर खुर्चीत बसली, पण सत्ता अजून बाहेरच उभी आहे,” असं म्हणाली आणि गोधडी शिवत बसली. ते शब्द दुसऱ्या दिवशी ज्युलियानाच्या कानावर गेले. आमच्यात चहाड्या पोचवणाऱ्यांची कमी नाही.

नानीला अक्षर येत नाही. पण जंगल तोडून नेणारे लाकडाचे ट्रक आले होते तेव्हा ते अडवायला रस्त्यात आडवी झोपलेली बाई तीच. भर सभेत उभं राहून बोलायला ज्युलियानाला तिनंच शिकवलं, म्हणून ही पोर तिला गुरू मानते. मी शेजारीण. त्या दिवशी तिथंच बसून गोधडीसाठी ठिगळं कापत होते. मला पुढाऱ्यांचं कौतुक नाही, तेव्हा झालं तेवढंच सांगते.

“बस,” नानी म्हणाली.

ती बसली. साडी सांभाळत बसली. मागं तिचे पीए दिनकरराव उभे राहिले, काखेत फाइल.

“मी आत गेले की मोठमोठे अधिकारी उठून उभे राहतात,” ज्युलियाना म्हणाली. “राजधानीत सरकारी गेस्टहाउसचा पहारेकरी सलाम ठोकतो.”

“तुला, की गाडीला?”

ज्युलियानानं मागं वळून रस्त्यावरच्या आपल्या सरकारी गाडीकडे बघितलं.

“बोल की.”

“एकदा चालत गेले होते,” ती हळूच म्हणाली. “त्यानं अडवलं. कुठल्या देशातून आलात म्हणून विचारलं. इंग्रजीत.”

नानीनं एक टाका घातला, दुसरा घातला.

दिनकरराव खाकरले. “मॅडम, उशीर होतोय. तेवढी सही झाली असती तर... रस्त्याचा ठराव आहे. आजच अण्णासाहेबांकडे पाठवायचाय.”

अण्णासाहेब म्हणजे पक्षाचे इथले मालकच म्हणा ना. आम्ही सिद्दी आदिवासींत मोडतो, म्हणून अध्यक्षपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं तेव्हा हिचं नाव त्यांनी पुढं केलं. तेव्हापासून तिला ‘माझी मुलगी’ म्हणतात, तिच्या सख्ख्या बापासमोरसुद्धा.

ज्युलियानानं पर्समधून पेन काढलं. फाइलीत चिठ्ठी लावलेली होती, ते पान उघडलं आणि ती सही करायला वाकली.

“थांब.” नानीनं सुई गोधडीत टोचून ठेवली. “ती कसली खूण?”

पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली होती.

“तिथं सही करायची, म्हणून.”

“कोण मारतं?”

“ऑफिसातूनच मारून येते.”

“सगळ्या कागदांवर?”

“काम पटापट होतं, नानी. दिवसाला पन्नास कागद असतात.”

“माझ्या वेळी कारकून बोट ठेवायचा,” नानी म्हणाली. “तिथं मी अंगठा उठवायची.”

ज्युलियाना तापली. “मी बी.ए. झालेय.”

“तेच म्हणते. मी अडाणी होते, मला माफ आहे.”

असं बोलू नये पोटच्यासारख्या पोरीला. खरं सांगते, मलाच लागलं ते.

मग नानीनं अंगठ्याला थुंकी लावली आणि ती फुली पुसून टाकली. दिनकरराव “अहो, अहो” करेपर्यंत कागदावर करडा डाग तेवढा राहिला.

“आता कर सही.”

पेन तसंच हातात राहिलं. ज्युलियानानं पान मागं उलटलं. आणखी एक उलटलं. मग पहिल्या पानावर आली.

“मोठ्यानं वाच. मला कुठं वाचता येतं?”

“ओढ्यालगतच्या अठरा एकर जागेत पर्यटक निवास बांधण्यास... तसेच तेथवर जाणाऱ्या रस्त्यास... ही सभा शिफारस करते...” ती अडली.

“पुढं.”

“सदर जागेवर...” तिनं ती ओळ परत पहिल्यापासून धरली. “सदर जागेवर कोणतीही मनुष्यवस्ती नाही.”

माझी कात्री थांबली. ओढ्यालगत आमची सव्वीस घरं आहेत. आम्ही बसलो होतो ते अंगण त्यातच येतं. शेजारच्या घरात ज्युलियानाची आई त्या वेळी, लेक आली म्हणून, भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

“मसुद्यात असं लिहावंच लागतं, मॅडम,” दिनकरराव म्हणाले. “सगळ्यांची सोय करणार आहेत साहेब.”

त्यांचा फोन वाजला. त्यांनी अण्णासाहेबांचं नाव बघितलं आणि तसाच तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. वाजून वाजून तो बंद पडला.

“सही नाही केलीस तर?” नानीनं विचारलं.

“अविश्वास ठराव आणतील. छत्तीस सदस्यांतले तीस त्यांचे आहेत.” ज्युलियानानं पेनाला टोपण लावलं. डोळे भरून आले होते. “तुझंच खरं. माझ्याकडे काही नाही. मी राजीनामा देते. उद्यापासून इथं येऊन तुझ्याबरोबर गोधड्या शिवते.”

मला वाटलं, आता नानी तिला जवळ घेईल.

“इथं जागा नाही,” नानी म्हणाली. “तू सकाळी खुर्चीतून उठलीस, की संध्याकाळपर्यंत तिथं दुसरी बसेल. तिच्या कागदावर परत फुली.”

“म्हणजे सही पण करायची नाही, आणि सोडायचं पण नाही?”

“हं.”

“ते काढतील मला.”

“काढू देत.”

भाकऱ्यांचा आवाज पण थांबला होता. मग ज्युलियानानं डोळे पुसले, फाइल मांडीवर ओढली आणि पहिल्याच पानाच्या समासात लिहायला लागली. लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणतही होती.

“सदर जागेवर सव्वीस घरं आहेत. त्यातलं एक माझं आहे. या कागदावर मी सही करणार नाही. हा विषय सभेपुढं आलेलाच नाही, तो उघड मांडावा.”

खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

दिनकररावांनी वाचलं. “मॅडम, साहेबांना मी काय सांगू?”

“हेच वाचून दाखवा.”

ते फाइल काखेत मारून, फोन कानाला लावत गाडीकडे पळाले. ते लांब गेल्यावर मग ती नानीजवळ सरकली.

“नानी, अविश्वास ठरावावर भर सभेत हात वर करून मतं घेतात,” ती म्हणाली. “माझ्या घरी जेवलेले लोक आहेत त्यात. मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा ताई ताई करत मागं फिरणारे आहेत. ते पण करतील हात वर. मी हरणार.”

“हरशील,” नानी म्हणाली. सुई पुन्हा हातात घेतली. “हात वर जातील तेव्हा मान तेवढी खाली घालू नकोस. एकेकाच्या तोंडाकडे बघत बस.”